घंटेतली चिंधी

आमची खेचरं रोज सकाळी हरवायला लागली तेव्हा माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. संशय घेणं हा माझा स्वभावच. लग्न ठरवताना मी मुलाचे दात मोजून घेतले, असं सासूबाई सगळ्यांना सांगायच्या, आणि ते अगदीच खोटं नाही.

आमचं काम साधं. राखीव जंगलात गाडीला बंदी, मशीनची करवतसुद्धा चालत नाही. त्यामुळे आतल्या चौकीवरच्या रखवालदारांचं रेशन, पत्रे, मोडक्या पुलांच्या फळ्या, सगळं खेचरांच्या पाठीवरून जातं. आम्ही तिघं: आमचे हे, माझे धाकटे दीर आणि मी. संध्याकाळी ओझी उतरवली की जनावरं चरायला मोकळी सोडायची. खेचराची आई घोडी असते आणि घोडीची ओढ त्याला जन्मभर सुटत नाही. म्हणून एक म्हातारी घोडी बरोबर ठेवायची आणि रानात सोडताना तिच्या गळ्यात घंटा बांधायची. घंटा जिथे, खेचरं तिथे.

घंटा कुठे आहे ते सांगायचं काम ह्यांचं. सकाळी तंबूबाहेर उभं राहून हे डोळे मिटतात, जरा थांबतात आणि हात करतात. दिरांनी त्या बाजूला जायचं, की जनावरं हजर. "ह्या कानांवर घर चाललंय आपलं," असं हे चारचौघांत सांगतात.

ह्या मोसमात मात्र घंटाच वाजेना. दीर सगळं रान पालथं घालायचे, उन्हं चढायची, माल उशिरा पोचायचा. जंगल खात्याच्या साहेबांनी तोंडावर सांगितलं, "पुलाच्या फळ्या उशिरा आल्या तर पुढच्या मोसमात हेलिकॉप्टर लावतो. परवानगी काढायला मी समर्थ आहे." म्हणजे आमची चूल विझली.

"घोडी थकली. उभ्या उभ्या झोपते," हे म्हणाले.

घोडीच्या गळ्यातली घंटा रोज सकाळी हेच सोडतात. एके दिवशी हे दोर शोधत होते म्हणून मी सोडली. हलवली तर आवाज नाही. आत बोट घातलं, तर घंटेच्या जिभेला चिंधी गच्च गुंडाळलेली.

चिंधी खिशात टाकली आणि गप्प बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा चिंधी! पहिली गळून पडली असं चोराला वाटलं असणार. पण चोर कोण? संध्याकाळी ओढ्यावर नेऊन घंटा बांधतं कोण? दीर. साहेबांबरोबर पाहणीला आलेल्या हेलिकॉप्टरच्या पायलटबरोबर हसत खिदळत चहा कोण पीत होतं? दीर. हे तर बिचारे मागाहून जाऊन घोडीला मिठाचा खडा चारतात आणि येऊन आडवे होतात. आयतं खाऊन घरालाच सुरुंग लावणारा हा मेला घरभेदी! मी ह्या माणसाला जेवण वाढत होते, ह्याचा मला भयंकर राग आला.

संध्याकाळी पातेल्याच्या बुडाची काजळी तेलात कालवली आणि गुपचूप घंटेत आतून माखली. सहजासहजी धुऊन निघणारी नव्हे ती.

सकाळी जनावरं शोधून आणल्यावर दिरांनी चहाचा कप पुढे केला. बोटं काळीकुट्ट.

"दाखवा हात!" मी ओरडले. "पायलटने किती कबूल केलेत, भावजी? सख्ख्या भावाच्या पोटावर पाय देता?"

"वहिनी, काय बोलताय? पातेलं मी उतरवलं, म्हणून हात काळे!"

"घंटेत चिंधी कोंबताना काळे झाले ते!"

"कसली चिंधी?" तेही चिडले. आमचं भांडण असं पेटलं, की खेचरांनी कान टवकारले. आमचे हे मात्र चार हातांवर, आमच्याकडे पाठ करून, खोगिराचा पट्टा आवळत होते. आवळतच राहिले.

मी बोलता बोलता थांबले. घंटा उचलली, चिंधी ओढून काढली आणि ह्यांच्या मानेमागे जोरात वाजवली. मान हलली नाही.

मग हे दोरासाठी वळले, आम्हाला बघून हसले. "चहा झाला का?" म्हणत हात पुढे केला. नखांत काजळी होती.

चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाले होते मी. घंटा वाजती तर आम्हा दोघांना ऐकू आली असती, आणि ह्यांचा हात भलतीकडेच गेलेला दिसला असता. घंटाच मुकी केली की दोष घोडीचा.

"वहिनी, आता?" दिरांनी हळूच विचारलं.

"आता काय? चहा द्या त्यांना. आणि मला माफ करा."

त्या संध्याकाळी हे मीठ चारून आल्यावर मी ओढ्यावर गेले आणि चिंधी काढून टाकली. सकाळी उताराकडून घंटा स्वच्छ ऐकू येत होती. हे तंबूबाहेर उभे राहिले, डोळे मिटले. कपाळाला आठ्या, हात खालीच. मी शेजारी जाऊन उभी राहिले, त्यांचं कोपर धरलं आणि हलकेच उताराकडे वळवलं. हात जरा अडला. मग वर झाला.

"दादाचे कान म्हणजे कान!" दीर खच्चून ओरडले आणि त्या बाजूला पळाले. उन्हं यायच्या आत फळ्या लादून होणार होत्या.

ह्यांनी डोळे उघडले. "तू कशाला आलीस इथे?"

"थंडी वाजतेय," मी त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने म्हणाले.

हे माझ्याकडे बघत राहिले. इतक्या संशयाने माझ्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. मी कोपर सोडलं नाही.