अक्षरांनी मान वर केली

कृष्णेच्या पात्रावर आश्विनाचे ऊन उतरले होते. केशरी, कोवळे, जरतारी. कला महाविद्यालयाच्या उंच खिडक्यांतून ते आत आले आणि भिंतीवरच्या काळ्याभोर अक्षरांवर थबकले.

त्या अक्षरांच्या माथ्यावर रेघच नव्हती. 'क' कलंडला होता, 'ळ' वळसे घेत वाऱ्यावर निघाला होता. मुक्तकेशा, मत्त, मानी अक्षरे! ती रेखली होती कुमुद सातोस्करने, अक्षरकला शिकवणाऱ्या तरुण अध्यापिकेने.

प्रदर्शन उघडण्याआधी प्राचार्य आले. त्यांच्या कपाळावर आठी चढली.

"कुमुदबाई, अक्षरं उघडीबोडकी दिसतायत. माथ्यावर रेघ ओढा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

"रेघ ओढणार नाही, सर. आत्ता कुठे त्यांनी मान वर केलीय."

तिने भिंत रिकामी केली. नदीच्या घाटावर, काळ्या पायऱ्यांवर कागद अंथरले, वर गोटे ठेवले. येणारेजाणारे थांबले, हसले, आणि हसता हसता वाचू लागले.

नोकरी गेली. तेलघाण्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिने शिकवायला घेतले. पेंडीच्या उग्र गंधात, तापल्या पत्र्याखाली पिढ्या घडल्या. पुस्तकांच्या वेष्टनांवर, नाटकांच्या जाहिरातींवर तिची निर्भय, नादमय अक्षरे नांदू लागली.

ऋतू सरले. केस रुपेरी झाले. त्याच महाविद्यालयाने तिला सत्काराला बोलावले.

भिंतभर तिच्याच वळणाची, विद्यार्थ्यांनी काढलेली अक्षरे होती. नेमकी, निष्कलंक, निष्प्राण. एकासारखे दुसरे, दुसऱ्यासारखे तिसरे.

"हे असंच का काढलंस गं?" तिने रेवती नावाच्या एका विद्यार्थिनीला विचारले.

रेवती चाचरली. "बाई, सातोस्कर वळण अभ्यासक्रमात आहे. वळण सुटलं की गुण कापतात."

कुमुदच्या काळजात चर्र झाले. तिने खांद्यावरची शाल उतरवली, रुंद कुंचला शाईत बुडवला आणि स्वतःच्या नावाच्या वळणावर आडवा, आडदांड, आरपार फटकारा ओढला.

"मी मोडलं ते तुम्ही मला गिरवावं म्हणून नव्हे! घे. मोड मला."

रेवतीने कुंचला घेतला. मग मनगट सैल झाले. कुंचला कागदावरून सुसाटला, कड ओलांडून पांढऱ्या भिंतीवर गेला. आणि कुणीच कधी न काढलेले एक अक्षर, ओले, काळे, झळझळीत, दाराच्या दिशेने धावत सुटले.