शेवटच्या खळ्यावरचे लोखंडी कडे

पुसद शहराबाहेर, घरे संपून शेते जेथे सुरू होतात तेथे, गोपालचे वेल्डिंगचे दुकान होते. त्याने घडविलेली फाटके सबंध तालुक्यात उभी होती आणि त्यांपैकी एकही कुरकुरत नसे, असा त्याचा लौकिक होता. अशा या कारागिराच्या अंतःकरणात मात्र गेली सहा वर्षे एक फाटक अखंड कुरकुरत होते, आणि त्यास कोणते तेल घालावे हे त्याला उमगत नव्हते.

कारण सांगावयाचे तर ते त्याची पत्नी दिपाली हिच्यापाशीच येऊन पोहोचते. दिपाली महाविद्यालयात भूगोल शिकवीत असे. सरकारी शिष्यवृत्ती मिळवून ती एक वर्ष स्कॉटलंडातील एका विद्यापीठात शिकून आली होती. तिला विमानतळावर पोहोचविणारा गोपालच होता, आणि “जा तू, घर मी पाहतो,” असे म्हणणाराही तोच होता. परतताना तिने सामानाव्यतिरिक्त दोन गोष्टी आणल्या. एक म्हणजे गोल्फ नावाच्या खेळाची आवड, व दुसरी म्हणजे त्या विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी संघाचे सभासदत्व. संघाच्या विदर्भ शाखेत जेमतेम वीस माणसे होती. परंतु हिवाळ्यातील नागपूरचे स्नेहभोजन आणि माघातील गोल्फची सहल या दोन दिवसांची ती माणसे जशी वाट पाहत, तशी लोक सणाचीही पाहत नाहीत.

गोपाल एकदाच त्या स्नेहभोजनास गेला होता. तेथे सर्वजण त्या दूरदेशीच्या गावातील पावसाविषयी, एका पाववाल्याविषयी आणि वर्गात कुत्रा घेऊन येणाऱ्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकाविषयी बोलत व हसत होते. गोपाल लिंबू सरबताचा पेला धरून एका कुंडीजवळ उभा राहिला. शेवटी सर्वांनी उभे राहून विद्यापीठाचे गीत म्हटले. दिपालीने ते डोळे मिटून म्हटले. इतक्या वर्षांच्या संसारात तिला असे एखादे गीत येते, हे गोपालला ठाऊक नव्हते. भाकरी थापताना किंवा कपडे वाळत घालताना तिने ते कधी गुणगुणलेही नव्हते. जणू तिच्या आत एक खोली होती, आणि त्या खोलीची किल्ली या वीस जणांजवळ होती, त्याच्याजवळ नव्हती.

त्या वीस जणांतही एक मनुष्य त्याच्या डोळ्यांत विशेष खुपत असे. तो म्हणजे संघाचा सचिव पूनमसिंग राठोड. हा पुसदजवळच्याच एका तांड्यावर वाढलेला, शिकून अभियंता झालेला आणि आता नागपुरात राहणारा, उंचापुरा, हसऱ्या चेहऱ्याचा गृहस्थ होता. तो दिपालीला “अगं” म्हणत असे व ती त्याला नुसते “पूनम” म्हणत असे. सहलीचा चषक दरवर्षी तोच जिंकी. दिपालीच्या मोबाइलमध्ये अशी कितीतरी छायाचित्रे होती, ज्यांत पूनमसिंगने चषक उंच धरला आहे आणि शेजारी उभी राहून दिपाली टाळ्या वाजवीत आहे. गोपाल ती छायाचित्रे बोटांनी मोठी करून पाही, आणि प्रत्येक वेळी त्यास वाटे की टाळ्या जरा जास्तच मनापासून आहेत.

यंदा संक्रांतीनंतर एके दिवशी दिपाली म्हणाली, “अहो, औंदा गोल्फ आपल्या वावरात ठेवू म्हणते. सोयाबीन निघाल्यापासून वरचं वावर पडीतच हाय ना.”

“आपल्या वावरात? कायले?”

“दरसाल नागपूरच्या हिरव्या मैदानावर खेळतो. म्या पूनमले म्हटलं, एक डाव आमच्या मातीवर खेळून पाह्य. तो तं उड्याच मारून राह्यला.”

“मारीनच ना,” गोपाल म्हणाला. “त्याले कोठं वखर हाकलावा लागते!”

दिपाली हसली. हा विनोद नव्हे, हे तिला कळले नाही.

त्या खेळात जेथे चेंडू भोकात घालावयाचा असतो, तेथे गालिच्यासारखी गुळगुळीत हिरवळ लागते. ती माळावर कोठून आणावी, हा प्रश्न गोपालची आई मैनाबाई हिने सोडविला. “हिरवळ कायले लागते वं? खळं करू. शेणानं सारोलं की गोटा पाण्यावानी पळते.” त्याप्रमाणे मैनाबाई व शेजारची मोतीबाई यांनी वावरात पाच ठिकाणी जागा चोपून, सारवून, धान्य मळण्याच्या खळ्यासारखी चकचकीत खळी तयार केली. प्रत्येक खळ्याच्या मध्ये पुरण्यासाठी लोखंडी पाइपाच्या वाट्या करून देण्याचे काम साहजिकच गोपालकडे आले.

“तुम्ही हातात घेतलं की मले चिंता नाही,” दिपाली म्हणाली.

“अन् तू खेळशीन का नाही?”

“मी कायले? यजमानीण हाय मी. रोडग्यांचा सैपाक कोण पाहीन?”

हे ऐकून गोपालच्या मनात जो विचार आला, तो चांगला नव्हता, हे लिहिणाऱ्याने लपविण्यात अर्थ नाही. पूनमसिंग शेवटचा चेंडू नेहमी हलकेच, जपून आत सोडतो, हे त्याने दिपालीकडून ऐकले होते. चार वाट्या त्याने अगदी नीट केल्या. पाचव्या, म्हणजे ज्या खळ्यावर चषकाचा निकाल लागतो तेथल्या वाटीच्या तोंडाभोवती मात्र त्याने बारीक सळईचे कडे वाकवून जोडले. वाटी पुरल्यावर ते कडे जमिनीच्या किंचित वर राहिले. त्यावर त्याने स्वतःच्या हाताने शेणकाला फिरविला, तेव्हा ते कोणाच्याही दृष्टीस पडेनासे झाले. बेअरिंगची एक गोळी त्याने हलकेच सोडून पाहिली. गोळी काठापर्यंत आली, क्षणभर थबकली आणि अंग चोरून बाजूला वळली. गोपालला बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

सहलीच्या सकाळी गाड्या बांधावर येऊन उभ्या राहिल्या. पांढऱ्या टोप्या घातलेली, पाठीवर काठ्यांच्या लांब पिशव्या अडकवलेली मंडळी पहिल्या खळ्यापाशी आली, तोच मैनाबाई आडवी आली.

“जोडे काढा बावा पह्यले! खळं हाय ते, लक्षुमीची जागा. जोडे घालून कोणी चढन तं मी काठीच घीन.”

सारे एकमेकांकडे पाहू लागले. पूनमसिंगने मात्र तत्काळ खाली बसून जोडे उतरविले व म्हटले, “याडी, तू म्हणशीन तं टोपीबी काढतो.” तांड्याच्या बोलीत आईला याडी म्हणतात, हे मैनाबाईला ठाऊक होते. ती पदर तोंडाला लावून हसली. गोपालने मनात म्हटले, घ्या, आता आईसुद्धा गेली.

खेळ जोड्यांनी खेळावयाचा होता. एका चेंडूवर दोघांनी आळीपाळीने टोला मारावयाचा, आणि ज्या जोडीचे टोले कमी ती जिंकणार, अशी रीत होती. परंतु नागपूरहून निघालेले एक सभासद गाडी बिघडल्यामुळे वाटेतच अडकले आणि एक माणूस कमी पडला.

“अगं दिपाली, तूच ये ना,” पूनमसिंग म्हणाला. “रोडगे काय पळून चालले?”

चिठ्ठ्या मैनाबाईच्या सुपात टाकण्यात आल्या. तिला अक्षरओळख नव्हती, म्हणून तिच्याच हातून जोड्या लावाव्यात असे ठरले. तिने उचललेल्या पहिल्या दोन चिठ्ठ्यांवर दिपाली व पूनमसिंग यांची नावे निघाली.

आता येथे ते कडे काढून टाकण्यास गोपालला वेळ होता. पाचवे खळे दूर, बाभळीपलीकडे होते आणि गुरांनी तुडवू नये म्हणून गोणपाटाने झाकलेले होते. पहार व छिन्नी त्याच्या मोटारसायकलला बांधलेली होती. तो चालत तेथपर्यंत गेलाही. गोणपाट दूर करून तो उकिडवा बसला. तेवढ्यात मागून हसण्याचा आवाज आला. त्याने वळून पाहिले, तर पूनमसिंग दिपालीला काठी कशी धरावी हे मुद्दाम चुकीचे करून दाखवीत होता, आणि ती पोट धरून हसत होती. गोपालने गोणपाट पुन्हा जागेवर ठेवले.

उन्हे चढली. गावातील बाया बांधावर येऊन बसल्या. त्यांत बेबीताई होती, जिची जीभ सबंध आळीत प्रसिद्ध होती. चार खळी झाली तेव्हा दिपालीची जोडी एका टोल्याने पुढे होती, आणि मागे उर्वशी नावाच्या एका डॉक्टरीणबाईंची जोडी होती. पाचव्या खळ्यावर उर्वशीबाईंनी दुरूनच जोराने चेंडू मारला. तो धावत आला, काठाशी किंचित उडाला आणि थेट वाटीत पडला. जोराने आलेला चेंडू कडे ओलांडून आत पडेल, हे त्याच्या हिशेबात नव्हते.

नंतर पूनमसिंगने दुरून मारलेला चेंडू वाटीपासून हातभर अंतरावर येऊन थांबला. एवढाच आत ढकलावयाचा होता, आणि पाळी दिपालीची होती. अनवाणी पायांनी ती सारवणावर उभी राहिली. तिने ओढणी खोचली. या खेळापायी ज्या बायांनी तिला आजवर नावे ठेवली, त्या सर्व तेथे बसलेल्या होत्या, आणि तिच्या ओठांच्या कडेला एक लहानसे हसू होते, जसे परीक्षेत येणारा प्रश्न पाहून मुलांच्या ओठांवर येते.

तिने हलकेच टोला दिला. चेंडू काठापर्यंत गेला, थबकला आणि वळला. पूनमसिंगने पुढे होऊन ढकलला. पुन्हा वळला. मग पुन्हा तिने, अधिकच जपून. पुन्हा वळला.

“पाह्य माय,” बेबीताई मोठ्याने म्हणाली, “इमानात बसून गेलती शिकाले, अन् हातभर दूरचा गोटा नाही जाऊन राह्यला बिलात!”

बाया फिदीफिदी हसल्या. दिपालीचे कान लाल झाले. ती गुडघ्यांवर बसली व तिने वाटीच्या काठावरून बोट फिरविले. अर्ध्या वाटेत बोट थांबले. घरातील पाळणा, शिडी, खिडकीचे गज, सर्वत्र गोपालच्या हाताचे जोड होते, आणि ते जोड ती अंधारातही ओळखत असे. तिने मान वर करून सरळ त्याच्याकडे पाहिले.

“काय झालं गं?” पूनमसिंगने विचारले. “काही हाय का तिथं?”

ती उठली. तिने बोटाचे शेण ओढणीला पुसले.

“काही नाही,” ती म्हणाली. “माझाच हात चुकला.”

ही कोणाची, या लोकांची की माझी, हा प्रश्न गोपालला सहा वर्षे झोपू देत नव्हता. त्याचे उत्तर त्याला त्या एका वाक्यात मिळाले. परंतु ते स्वीकारण्याची लायकी त्या घटकेस त्याच्यापाशी नव्हती. तो बांधावरून खाली उतरला, गाडीकडे गेला आणि पहार घेऊन खळ्यावर चढला.

“चप्पल काढ रे!” मैनाबाई ओरडली.

त्याने चपला काढल्या. पहारीने वाटी उकरून त्याने ती वर उचलली. कड्यावरचे शेण गळून पडले आणि लोखंड उन्हात चमकले.

“तिचा हात नाही चुकला,” तो म्हणाला. “हे कडं म्या बसोलं.”

“काहून?” पूनमसिंगने विचारले.

“तुम्ही हरावं म्हणून, साहेब. दरसाल फोटोत तुम्हीच असता.”

पूनमसिंगचा चेहरा प्रथम गोंधळला व मग कठीण झाला. “गोपालभाऊ,” तो सावकाश म्हणाला, “हे काही चांगलं नाही केलं तुम्ही.”

उर्वशीबाई भल्या होत्या. शेवटचे खळे पुन्हा खेळू या, असे त्या म्हणाल्या. दिपालीने मान हलविली. “डाव होऊन गेला. चषक तुमचाच हाय, ताई.”

बाभळीखाली जेवणाच्या पंगती बसल्या. गोवऱ्यांच्या आरावर, म्हणजे निखाऱ्यांवर, भाजलेले कणकेचे रोडगे फोडून त्यांत तूप सोडण्यात आले व वांग्याची भाजी वाढण्यात आली. दिपालीने सर्वांना वाढले. गोपालच्या पानाशी येताच ती वाकली आणि त्यालाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “बाया हसल्या तं हसू द्या. पण म्या डोये झाकून तुमच्यावर भरोसा टाकला होता.” आणि भाजी वाढून ती पुढे गेली.

जेवणानंतर त्याने दगडावर वाटी ठेवून छिन्नीने कडे तोडून काढले व वाटी पुन्हा नीट पुरली. तो उठला, तर दिपाली समोर काठी घेऊन उभी होती.

“घ्या. आता तुम्ही टाका.”

“मले कोठं येते?”

“तेच तं पाहाचं हाय सगळ्याईले.”

सर्वजण जमले. गोपालने आयुष्यात प्रथमच ती काठी हातात घेतली. हातभर अंतरावरून त्याने घणाचा घाव घालावा तसा टोला मारला. चेंडू वाटीवरून उडाला, बांध ओलांडून गेला आणि रोडग्यांच्या आरात जाऊन पडला. राखेचा लोट उठला. मैनाबाई हसली, बेबीताई हसली, आणि इतका वेळ रुसून बसलेला पूनमसिंगही मांडीवर हात मारून हसू लागला. दिपालीही हसली. मत्सराची खोड अशी की, ती पूनमसिंगच्या आधी हसली की नंतर, हे गोपालने त्याही वेळी पाहून घेतले. ती नंतर हसली होती.

गाड्या गेल्यावर दोघे मोटारसायकलवरून घराकडे निघाले. दिपालीने आपल्या दोघांमध्ये काठ्यांची पिशवी आडवी ठेवली होती. बरीच वाट गेल्यावर गोपाल म्हणाला, “ते तुमचं विद्यापीठाचं गाणं हाय ना, नागपूरले म्हटलं होतं ते. मले शिकवशीन का?”

दिपालीने मधली पिशवी नीट केली.

“आज नाही,” ती म्हणाली.

गोपालने मान डोलावली आणि गाडीचा वेग थोडा कमी केला. तोडून काढलेले कडे त्याच्या खिशात होते, आणि प्रत्येक खड्ड्यावर ते मांडीला टोचत होते.