खारोसकडे न धाडलेला निरोप

लिगेरी थकली होती. मानी मुलखाच्या त्या खडकाळ टोकाला कुणी मेलं की पाद्र्याच्या आधी बोलावणं तिला जायचं. पाद्री येऊन आपल्या प्रार्थना म्हणे, पण माणूस खरोखरच गेला हे गावाला पटायचं ते लिगेरीनं विलापाचा पहिला सूर लावला की. तरुणपणापासून हेच चाललं होतं. गुडघे गेले, आवाज फाटला, तरी लोक काही तिला सोडत नव्हते.

आज म्हातारा पानागोस गेला होता. ऑलिव्हची वेचणी टाकून बायका काळी ओढणी डोक्यावर घेऊन आल्या आणि त्याच्या भोवती बसल्या. पाद्री यायच्या आत त्यांना आपलं काम उरकायचं होतं, कारण ते त्याला खपत नसे.

ह्या बायकांचे मेलेले लोक खारोसकडे जात. फार जुन्या काळी, देव डोंगरावर राहायचे तेव्हा, हा खारोस म्हणे होडीवाला होता आणि मेलेल्यांना नदीपार न्यायचा. मधे केव्हातरी होडी गेली आणि त्याच्याखाली काळा घोडा आला. जुनी देवळं पडली, त्यांच्याच दगडांची चर्चं झाली, पण हा पठ्ठ्या जागचा हलला नाही. पाद्री कानीकपाळी ओरडायचा, "अगं बायांनो, आपल्या माणसांना ख्रिस्त नेतो!" बायका माना डोलवत, छातीवर क्रूसाची खूण करत आणि घरी येऊन खारोसलाच शिव्या घालत. ख्रिस्ताला कोण शिव्या घालणार?

आता पानागोस तिकडे निघालाच आहे, तर जाता जाता आपल्या माणसांना चार शब्द पोचवील, एवढाच त्यांचा मतलब होता.

"पानागोकाका, माझ्या सासूला सांगा, तिची शेळी अजून दूध देते. लाथाही मारते."

"आमच्या ह्यांना सांगा, धाकटीचं जमलं. पोराचे दात पुढे आहेत, पण पोरगा सरळ आहे."

"अगं, जरा दमानं घ्या," उशाशी बसलेली पानागोसची बायको गारूफालिया डोळे पुसत म्हणाली. "मीठ आणायला धाडलं तर साबण घेऊन यायचे हे. एवढं कुठलं ध्यानात राहायला?"

बायका रडता रडता हसल्या. मग शेजारची मेताक्सिया वळून म्हणाली, "लिगेरीकाकू, तुमचं?"

"आमच्या ह्यांना सांग, पानागो, गुडघे दुखतात. बस."

"आणि निकीताला?"

"त्याला कशाला? तो तिकडे नाही."

निकीता हा तिचा एकुलता एक मुलगा. मालाच्या जहाजावर खलाशी होता. जहाज बुडाल्याची बातमी आली, प्रेत काही आलं नाही. निरोप धाडायचा म्हणजे तो तिकडे आहे हे कबूल करायचं, आणि ते तिनं आजवर केलं नव्हतं. त्याच्यासाठी ती रडलीही नव्हती. ज्याच्यासाठी कुणी विलाप केला नाही तो खारोसच्या दाराबाहेर ताटकळत राहतो, हे तिनंच दुसऱ्यांच्या अंगणांत किती वेळा गायलं होतं. आपला पोरगा जिवंत आहे की त्या दाराबाहेर उभा आहे, ह्या एका प्रश्नानं तिला पार झिजवून टाकलं होतं. पूर्वी कुणी असं विचारलं की ती अंगावर धावून जायची. आता तेवढा जोर राहिला नव्हता.

"सुरू कर गं," गारूफालिया म्हणाली.

लिगेरीनं डोळे मिटले. तिनं ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी ती जशीच्या तशी उचलायची, असा रिवाज. सांगितलेली ओळ मागे घेता येत नाही. आणि कुणी ती उचललीच नाही, तर ज्याचं नाव घेतलं त्याला दारातून हाकलल्यासारखं होतं.

"ऊठ रे, निकीता," ती गायली, "घोडा दाराशी आला."

ओळ कुणीच उचलली नाही. लिगेरीनं डोळे उघडले तेव्हा कुठे तिला कळलं आपण काय बोललो ते. पानागोसच्या मयतावर तिनं दुसऱ्याचंच नाव घेतलं होतं. ह्या मुलखात याहून लहान अपमानावरून घराघरांत बंदुका निघाल्या होत्या. तिनं गारूफालियाकडे पाहिलं. आता ही हात धरून आपल्याला बाहेर काढणार, असं तिला वाटलं. आणि खरं सांगायचं तर तिला ते हवंच होतं. ती ओळ तिथंच पडून राहिली असती, आणि निकीता गेला हे कबूल करावं लागलं नसतं.

गारूफालिया नवऱ्याच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिनं डोक्यावरची ओढणी काढली, केस सोडले आणि छातीवर हात मारला.

"ऊठ रे, निकीता, घोडा दाराशी आला."

मेताक्सियानं ओळ उचलली. मग सगळ्यांनी.

"नको," लिगेरी म्हणाली. "नको गं."

"पुढचं सांग," गारूफालिया हळूच म्हणाली. "ह्यांना वाटेत सोबत होईल."

पुढची ओळ लिगेरीला झोपेतही आली असती. पण तोंडातून ती निघाली नाही, दुसरीच निघाली.

"जा, बाळा," ती म्हणाली. "मी आता वाट बघत नाही."

आणि खोलीभरच्या बायकांनी तेही जसंच्या तसं म्हटलं.