मापाचा प्लग

"ह्या काय घातलंस मेल्या आत?"

लवू मेस्त्रींनी गाडीच्या इंजिनातला पहिला स्पार्क प्लग काढून निलेशच्या नाकासमोर धरला. टोक हातोडीखाली सापडल्यासारखं चेपलं होतं.

"इरिडियमचा आहे काका. इम्पोर्टेड. पाच स्टार आहेत त्याला."

"स्टार मोजलेस. लांबी मोजलीस?" लवूंनी शेजारी जुना प्लग धरला. नवा अर्ध्या पेराने लांब होता. "पिस्टन वर आला की ह्याच्यावर आपटतोय."

निलेशला ही बासष्ट सालची फियाट वडिलांकडून मिळाली होती आणि तिच्याविषयीचं ज्ञान मोबाइलकडून. लालबागच्या गाळ्यात लवूंनी ती एकतीस वर्षं सांभाळली. गेल्या महिन्यात निलेशने परस्पर दुसरीकडे इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं, वर हे प्लग. इग्निशनचा लवूंना राग नव्हता. जुन्या इग्निशनचे पॉइंट घासून घासून त्यांचीच बोटं झिजली होती. पण रविवारी जुन्या गाड्यांच्या फेरीत दादरला गाडी बंद पडली आणि निलेशने तिथूनच क्लबच्या ग्रुपवर टाकलं, 'लालबागच्या मेस्त्रीने इंजिनाची वाट लावली.' त्रेचाळीस सभासदांनी रडके चेहरे पाठवून दुःख व्यक्त केलं. त्यांतल्या सोळा जणांच्या गाड्या लवूंच्याच हातच्या होत्या. आज सकाळपासून एकाचाही फोन नव्हता.

"पोस्ट डिलीट करतो, काका."

"पुसू नको. त्याच्याखाली लिही. प्लग मी निवडला, चुकीचा निवडला. आणि ह्याचा फोटो लाव."

"लोक हसतील हो. नवीन आहे मी ग्रुपमध्ये."

"मी जुना आहे. माझं नाव गेलं तर चालतं?"

निलेश मोबाइल उलटसुलट करत राहिला. मग लाडात आला. "आता इंजिन तुम्हीच उघडा ना. पप्पा असते तर..."

"पप्पा असते तर त्यांनी माप घेतलं असतं. टोइंगवाल्याला बोलाव."

"नेऊ कुठे?"

"पाच स्टारवाल्याकडे."

लवूंनी उरलेले तीन प्लग काढले, चारही चेपलेले प्लग निलेशच्या हातात ठेवले आणि पाठ फिरवली.

टोइंगची गाडी आली. साखळी अडकवली जात असताना लवू आतून धुतलेलं पांढरं फडकं घेऊन आले. त्याचे चार तुकडे केले आणि इंजिनाच्या चारही उघड्या भोकांत एकेक बोळा नीट बसवला.

"काका, म्हणजे करताय ना तुम्ही?"

"नाही. वाटेत धूळ जाईल."

बॉनेट मात्र त्यांनी आपटलं नाही. दोन्ही तळव्यांनी दाबून लावलं.