फोन एंगेज होता

दिवाळीला घरी आलेल्या संग्रामने अमेरिकेला परत जायच्या आदल्या दिवशी आईच्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं. व्हायरसने विंडोज पार बसलं होतं. लिनक्सला माऊस दिसला, प्रिंटर दिसला, फोनच्या लाइनवरून इंटरनेट जोडणारा मॉडेम तेवढा दिसेना. "फोनवर सांगतो, आपण करू," असं म्हणून तो विमानतळाकडे निघाला.

त्याची आई सुहासिनी पोस्टातून निवृत्त झालेली. नवरा, विलास, गेल्यापासून विरारला आगाशी रोडवरच्या फ्लॅटमध्ये ती एकटीच राहायची. संग्रामचा फोन रविवारी सकाळी यायचा. जेवलास का, तब्येत कशी, थंडी फार आहे का, एवढ्यावर बोलणं संपायचं. मग दोघंही नुसतं "बरं" म्हणायची आणि फोन ठेवायची.

मॉडेमने ते बदललं.

"आई, ती काळी खिडकी उघड. लिही, एल, एस, पी, सी, आय. एंटर."

रिसीव्हर मान आणि खांद्यात धरून ती पडद्यावरच्या ओळी एकेक अक्षर वाचून दाखवायची.

"हां, कळलं," एकदा तो म्हणाला. "स्वस्तातला मॉडेम आहे. अर्धं काम विंडोजकडून करून घेतो. लिनक्ससाठी तो चालवणारा वेगळा प्रोग्रॅम, ड्रायव्हर, लागेल."

"कुठे मिळतो?"

"इंटरनेटवर."

दोघंही हसली. असं एकत्र हसून खूप दिवस झाले होते.

कॉम्प्युटर पुन्हा चालू होईपर्यंत फोनवर थांबावं लागायचं. त्या वेळात तो काहीबाही सांगायचा. रूममेट लग्न करून दुसरीकडे गेला. घरात आता नुसता सोफा उरलाय. तिने विचारलं असतं, तर त्याने यातलं काही सांगितलं नसतं.

विरार स्टेशनजवळच्या सायबर कॅफेतून तिने ड्रायव्हर फ्लॉपीवर आणला. तो चालला नाही. पुन्हा गेली, दुसरा आणला, तोही नाही. मग तिच्या लक्षात आलं, फाइलच्या नावात शेवटी जो आकडा असतो, तो आपल्या लिनक्सच्या आकड्याशी तंतोतंत जुळायला हवा. पोस्टात पिनकोड वाचण्यात जन्म गेलेला. तिने जुळणारी फाइल बरोबर शोधून काढली. मंगळवारी दुपारी पडद्याच्या कोपऱ्यात 'कनेक्टेड' अशी अक्षरं उमटली.

तिला इतका आनंद झाला, की सांगायला म्हणून ती शेजारच्या रोझलीनकडे गेली. दाराला कुलूप होतं. ती परत आली आणि संग्रामला मेल लिहायला बसली. 'मॉडेम लागला' एवढं लिहिलं आणि थांबली. हे वाचल्यावर रविवारी तो काय बोलेल? तिने मेल पुसून टाकला.

रविवारी त्याने विचारलं, "काही जमलं का?"

"नाही रे, अजून नाही."

मग तो सांगेल ते ती टाइप करत राहिली. त्याने तिच्यासाठी कितीतरी वाचून ठेवलं होतं. अर्धा तास गेला. फोन ठेवल्यावर तिला स्वतःची लाज वाटली, आणि तरी पुढच्या रविवारची वाट बघत राहिली.

मधल्या दिवसांत ती रोज सकाळी इंटरनेट लावायची आणि त्याच्या गावचं तापमान बघायची. मग तिथल्या बातम्या वाचायची. कुठल्या रस्त्यावरचा बर्फ काढला, कुठली शाळा बंद आहे.

पुढच्या रविवारी त्याचा आवाज बसलेला होता.

"आई, गुरुवारी मी फोन केला होता. तासभर एंगेज लागत होता. कोणाशी बोलत होतीस?"

रोझलीनशी, असं सांगता आलं असतं.

"कोणाशीच नाही," ती म्हणाली.

तो हळूच म्हणाला, "मॉडेम लागला?"

"हो."

"कधी?"

"झाले बारा-पंधरा दिवस."

"मग मी मागच्या रविवारी इतका वेळ…"

"तू बोलत होतास, संग्राम. मला ते थांबवायचं नव्हतं."

पलीकडे तो खोकला.

"तू गुरुवारी कशाला केला होतास?" तिने विचारलं. "ड्रायव्हर सापडला म्हणून?"

"नाही. ताप होता. असाच केला."

"डॉक्टरकडे गेलास?"

"गोळी घेतली. उतरलाय आता." मग तो म्हणाला, "घरात कोणी नव्हतं ना, म्हणून."

ती कॉम्प्युटरसमोरून उठली आणि वायर पुरेल तितकी खिडकीकडे सरकून उभी राहिली.

"घरात तांदूळ आहे?"

"बासमती आहे."

"चालेल. मूठभर घे, धू. पाणी भरपूर घाल. पेज होईल. मीठ शेवटी."

"आत्ता? इथे रात्र झालीय."

"आत्ता. फोन ठेवू नकोस, बाजूला ठेव."

त्याने फोन ओट्यावर ठेवला. सिंकमध्ये पाणी पडल्याचा, मग भांडं आपटल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने तो फोनजवळ येऊन म्हणाला, "उकळी आली. पुढे?"

"आता गॅस बारीक कर," ती म्हणाली, "आणि झाकण अर्धवट ठेव."