रहीमभाईच्या हातची गाठ

रहीमभाईला राग यायला कारण लागत नसे. चहात साखर कमी पडली, मागच्या रिक्षावाल्यानं उगाच हॉर्न वाजवला, गिऱ्हाईक उद्या येतो म्हणून परवा आलं, की गडी पेटलाच. जहांआरा, त्याची बायको, म्हणायची, "यांचा राग दुधासारखा. गॅस बारीक करायला हात जाईपर्यंत सगळं ओट्यावर." आणि आवाज तरी कसा? दुकानात फोनवर बोलला तर चौकात ऐकू जायचं.

दुकान शहरात, रोशन गेटजवळ. इन्व्हर्टर, मोटारी, पंप, जे बिघडेल ते दुरुस्त. शुक्रवारी बंद. आणि शुक्रवारी रहीमभाई कुणाच्या बापाचा नोकर नाही. फजरची नमाज झाली की स्कूटरला बांबूची काठी बांधायची, डब्यात ओल्या मातीत गांडुळं घ्यायची आणि फुलंब्रीच्या पुढं सूर्यभानच्या वाडीला जायचं. बावीस वर्षं हेच. दुपारच्या नमाजला परत.

नदी काही सूर्यभानच्या मालकीची नाही, पण तिच्या डोहाला लागून त्याचं शेत. मेंढरं तिथंच पाणी पितात, आणि डोहाची राखण त्यानं आपणहून अंगावर घेतलेली. संक्रांत झाली की नदीची धार तुटते. वरचं आटतं, खालचं आटतं, आणि सगळ्या नदीचा मासा येऊन त्या एका डोहात बसतो. मरळ, वाम, शिंगटा, सगळे एका घरात. गळ टाकणाऱ्याचे हे शेवटचे आणि सोन्यासारखे दिवस. म्हणूनच वाडीचा कायदा कडक होता. धार तुटली की जाळं बंद, फक्त गळ. वितीपेक्षा लहान मासा परत पाण्यात. हा मासा राहिला तर पावसाळ्यात नदीभर होणार, नाही तर बसा बेडकं मोजत.

तर माघातल्या त्या शुक्रवारी रहीमभाई डोहावर पोचला आणि काठी हातातच राहिली. पाणी पांढरं दिसत होतं. जवळ जाऊन बघतो तर पोटं. बोटाएवढ्या माशांची शेकडो पोटं, उलटी, काठाला लागलेली. मोठा मासा एकही नाही. मोठा कुणीतरी वेचून नेला होता आणि पोरंबाळं मरायला टाकून दिली होती.

त्यानं एक मासा उचलला. पाठ वाकडी झाली होती, काटा मोडलेला. दगडाखालचे खेकडे मात्र जिवंत होते. म्हणजे पाण्यात विषारी औषध टाकलेलं नाही. रहीमभाईला दुसरा पुरावा नको होता. चाळीस वर्षं वायरींत घालवलेला माणूस तो.

"करंट!" तो ओरडला. "करंट सोडला रे हरामखोरांनी!"

पलीकडच्या बांधावर सूर्यभान मेंढरं सोडत होता, तो पळत आला. पाणी बघून मटकन खालीच बसला. "रहीमभाई," तो एवढंच म्हणाला, "पुढच्या साली काय राह्यलं आता?"

अर्ध्या तासात मारुतीच्या पारावर वाडी जमली. पाराच्या मागं हापसा, तिथं बाया पाण्याला आलेल्या. रहीमभाई पारावर चढून उभा. मेलेले मासे त्यानं टोपलीत भरून आणले होते आणि मूठमूठ काढून लोकांना दाखवत होता.

"हे येड्यागबाळ्याचं काम नाय! साधा इन्व्हर्टर पाण्यात घातला तर घालणाराच मरतो. हे बांधून घेतलंय कुणाकडून तरी. व्होल्टेज वाढवून, पाण्यात बुडवायला दोन दांडे काढून. यात कारागीर हाय, कारागीर! आन् सांगतो, मासे मारणाऱ्याला अल्ला बघून घेईल, पण ज्यानं ही मशीन बांधून दिली ना, त्याच्या हातांना लकवा मारो! त्याला आपल्या हातानं घास खाता येऊ नये!"

"बरोबर हाय!" सुदर्शन म्हणाला. सुदर्शन म्हणजे रस्त्याकडेच्या मक्याच्या शेताचा मालक, पायात बूट, खिशात दोन फोन. त्याच्यामागून चारजण म्हणाले, बरोबर हाय.

"मंगळवारच्या बाजारात फकिरानं चार मरळ विकल्या," सुदर्शनच पुढं म्हणाला. "मी सहज सांगतोय."

सगळ्या माना फकिराकडं वळल्या. फकिरा डोहाच्या वरच्या अंगाला झोपडी करून राहणारा. पावसाळ्यात जाळ्यावर, आत्ता गळावर पोट. तो पाराच्या खालच्या पायरीशी उभा होता.

"गळानं धरल्या," तो म्हणाला.

"गळानं? एका दिवसात चार?" रहीमभाईचं दूध उतू गेलं. "अरे बावीस वर्षं बसतोय मी त्या डोहावर! एका दिवसात दोनच्या वर मरळ मला नाय लागली! आन् तुला चार? कुणाला शिकवतो?"

"तुला लागत नाय, कारण तू तोंड मिटत नाय," फकिरा म्हणाला. "मरळीला आवाज कळतो."

लोक हसले. हसले तिथंच घात झाला. रहीमभाईनं मग जे तोंड सोडलं ते सोडलं. चोर म्हणाला, नमकहराम म्हणाला, नदीचं खाऊन नदीचा गळा दाबणारा म्हणाला. आणखी जे म्हणाला ते इथं लिहिण्यासारखं नाही. मागं हापशाची खडखड थांबली. फकिराची बायको आक्काबाई हापशाच्या दांड्यावर हात ठेवून तशीच उभी राहिली, हंडा अर्धा भरलेला.

"मी नाय केलं," फकिरा सूर्यभानकडं बघून म्हणत होता. "तात्या, मी नाय. माझ्या झोपडीत लाइट नाय, मी काय करंट सोडणार?" पण रहीमभाईच्या आवाजाखाली त्याचं बोलणं कुणाच्या कानापर्यंत पोचत नव्हतं.

तेवढ्यात सुदर्शन कुठं तरी गेला होता तो परत आला. खांद्यावर खताची गोणी. त्यानं ती पारावर रहीमभाईच्या पायाशी ठेवली. "फकिराच्या झोपडीमागं, निरगुडीच्या जाळीत सापडली. चाचा, तुम्हीच जाणकार. उघडा तुमच्या हातानं."

रहीमभाईनं तावातावानं गोणी उपडी केली. पत्र्याची पेटी. खिशातला पेचकस काढून त्यानं झाकण उघडलं. चारही पेच हलक्या हातानं फिरले, कारण त्यांना कुणीतरी तेल लावलेलं होतं.

आत वायरींच्या जोडांवर पिवळी टेप होती. आणि टेप सुटू नये म्हणून वर नायलॉनच्या दोऱ्याची गाठ. पाच वेढे, एक पीळ, टोक आतून काढलेलं. गळ बांधायची गाठ. पेटीत ती गाठ बांधणारा माणूस सबंध शहरात एकच होता.

दिवाळीच्या आधी सुदर्शन दुकानात आला होता. "चाचा, मक्यात रानडुकरं शिरत्यात. कुंपणाला जरा झटका पाहिजे." कुंपणाला एवढा झटका कशाला, असं एकदा मनात आलं होतं. पण सुदर्शन म्हणाला होता, "दुसऱ्यांनी हात टेकले, तुम्हालाच जमणार." झालं. त्या एका वाक्यावर गडी फुगला आणि दोन दिवस खपून मशीन अशी बांधली की बांधणाऱ्याचं नाव निघावं. दोन लांब दांडे कशाला, हेही त्यानं विचारलं नाही.

त्यानं वर बघितलं. सुदर्शन खिशात हात घालून त्याच्याकडंच बघत होता, निवांत. त्या नजरेत काय होतं ते रहीमभाईला लख्ख कळलं. बोल ना चाचा. आत्ताच सगळ्यांसमोर कारागिराच्या हाताला लकवा मागितलास ना? आता बोल.

रहीमभाई गप्प झाला. वाडीनं त्याला बावीस वर्षांत पहिल्यांदा गप्प बघितलं.

सूर्यभान जवळ आला, वाकून पेटीत बघितलं, बराच वेळ बघितलं. मग सरळ झाला. "काय म्हणता, रहीमभाई?"

रहीमभाई पेचकस हातात फिरवत राहिला. बोललं तर हा डोह गेला, हा पार गेला, शुक्रवार गेले. सूर्यभानच्या घरचं न्याहारीचं पिठलं गेलं. आणि न बोललं तर? तर जाणार होतं ते फकिराचं. त्याचं सगळंच.

"मंग ठरलं," सूर्यभान सावकाश म्हणाला, डोळे रहीमभाईवर. "फकिरा, आजपासून तू डोहावर यायचं नाय. गळ नाय, जाळं नाय."

 फकिरानं फक्त हापशाकडं, आक्काबाईकडं बघितलं, आणि ते बघणं रहीमभाईला सोसलं नाही.

"थांबा!" तो म्हणाला. "ही मशीन माझ्या हातची हाय. मी बांधली. या सुदर्शनला दिली, डुकरांसाठी म्हणून. फकिराचा काही संबंध नाय."

 मग सुदर्शन हसला. "चाचा, काय बी काय बोलता? ऊन लागलं का? पुरावा काय?"

"पुरावा?" सूर्यभान त्याच्याकडं वळला. "अरे, आत्ता तासाभरापूर्वी याच पारावर त्यानं त्या हाताला लकवा मागितला. स्वतःच्या तोंडाला शेण फासून घेऊन कोण खोटं बोलतं? आन् ती गाठ. बावीस सालं माझ्यासमोर बसून गळाला हीच गाठ मारतोय तो. पेटीत डोकावलं तवाच वळखली मी." तो रहीमभाईकडं बघून जरासा हसला. "म्हटलं, बघू, गडी आपणहून बोलतो का नाय. बोललास. मला ठावं व्हतं."

सुदर्शननं मोटारसायकलला किक मारायच्या आत दोन पोरांनी चावी काढून घेतली. फुलंब्रीच्या ठाण्याला फोन लागला. "माझं बी नाव लिवायला सांगा," रहीमभाई म्हणाला. सूर्यभाननं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दोघांना वाटलं, झालं, मिटलं.

"तात्या."

फकिरा पायऱ्या चढून वर आला होता. 

"तात्या, तू गाठ वळखली व्हती?"

"व्हय, म्हंजे..."

"वळखून मला डोह बंद केलास?"

"अरे, ते नुसतं रहीमभाईला..."

"नुसतं? ह्याचं इमान तपासायला मला टांगलं व्हय तुम्ही? ह्यो गडी शहरातून येतो, म्हनतो फकिरा चोर. तुम्ही म्हणता, व्हय, चोर. मंग ह्योच म्हनतो, फकिरा चोर नाय. तुम्ही म्हणता, बरोबर, नाय. मधी मी सांगत व्हतो ना? मी नाय केलं, मी नाय केलं, किती येळा म्हनलो? माझं कोनी ऐकलं? चाळीस सालं झाली मला ह्या नदीवर. माझ्या शब्दाला एका गाठीची बी किंमत नाय?"

 जे 'बरोबर हाय' म्हणाले होते ते आपापल्या चपला बघत होते. सूर्यभानचा हात रहीमभाईच्या खांद्यावरून खाली आला.

"चुकलं फकिरा," रहीमभाई पुटपुटला. "माफ कर."

"हे काय?" फकिरा म्हणाला.

"माफी मागतो रे."

"कानात? शिव्या कानात दिल्या व्हत्या का? शिव्या तिकडं हापशापतुर गेल्या. तिथं माझी बायको उभी हाय, तिचा हात थांबलाय तवापासून. माफी बी तितकी लांब जाऊ दे. मोठ्यानं माग."

 चौकापलीकडं ऐकू जाणारा त्याचा तो आवाज, आता ऐन वेळी कुठं बुडाला होता कुणास ठाऊक. तो पाराच्या कडेला गेला, हापशाकडं तोंड केलं. "फकिरा चोर नाय!" तो म्हणाला. "चूक माझी हाय!"

"आक्का," फकिरानं विचारलं, "आलं का ऐकू?"

"नाय!" हापशावरून आवाज आला.

"पुन्यांदा," फकिरा म्हणाला.

सूर्यभान पुढं आला. डोक्याचं मुंडासं काढून त्यानं हातात घेतलं आणि रहीमभाईच्या शेजारी कडेला जाऊन उभा राहिला. मग दोघं म्हातारे छाती भरून ओरडले, इतकं की पिंपळावरचे कावळे उडाले आणि बांधावरची मेंढरं माना वर करून बघायला लागली. "फकिरा चोर नाय! आम्ही चुकलो!"

फकिरानं यावेळी विचारलं नाही. सगळे हापशाकडं बघत उभे राहिले. आक्काबाईनं पदर खोचला, हंड्यात डोकावून बघितलं, आणि हापशाची खडखड पुन्हा सुरू झाली.