लाल गाडीची शीळ

आमच्या संकल्पने गाडी घेतली ती लाल, दोन सीटांची, उघड्या टपाची. दिसायला अशी की सिग्नलला थांबली तर शेजारच्या स्कूटरवाल्याने हिरवा दिवा विसरावा. पण किल्ली फिरवली की आवाज यायचा मिक्सरमध्ये खोबऱ्याचा तुकडा अडकल्यासारखा. आधीच्या मालकाने मूळचा सायलेन्सर काढून कुठल्यातरी मालवाहू व्हॅनचा बसवला होता, हे गाडी घरी आल्यावर कळलं.

हे दोन हजार सातचं, जयपूरचं. संकल्प सीतापुऱ्याला एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायचा, प्रताप नगरात मित्रांबरोबर राहायचा आणि रविवारी आमच्या रेल्वे क्वार्टरवर जेवायला यायचा. रविवारी सकाळी गाड्यांचे शौकीन आमेरच्या रस्त्यावर जमत. तिथे हा पहिल्यांदा गेला तेव्हा कुणीतरी म्हणालं, "लो, ऑटो आ गया." तो हसत हसत सांगत होता, पण भाकरी अर्धीच खाल्ली होती.

"बाबा, तुम्हीच बघा ना," तो म्हणाला. "मेकॅनिक म्हणतो, पाइप फाडून देतो, पूर्ण गल्ली ऐकेल. मला लाउड नाही पाहिजे. मतलब, चांगली आवाज पाहिजे. तुमच्यासारखा कान कोणाचा आहे?"

आवाज त्याच्या मराठीत अजून 'ती आवाज'च आहे. जयपुरात वाढलेलं पोर, मी सोडून दिलंय.

त्याचे बाबा, भीमराव, माझ्याकडे बघत होते. मी घास गिळला आणि तोंड नीट उघडत, सावकाश म्हणाले, "तो म्हणतो, गाडीचा आवाज तुम्हीच सुधारून द्या."

"ऐकलं न मी," ते म्हणाले, आणि उगाच भाजीवर लिंबू पिळायला लागले.

ऐकलं नव्हतं. दोन वर्षांपासून त्यांना बारीक आवाज ऐकू येत नव्हते. जाड, खालचे आवाज यायचे. कुकरची शिट्टी, फोनची घंटी, मी हळू बोललेलं, हे सगळं गेलं होतं. माणूस समोर असला की ते ओठ वाचत आणि बाजूला असला की माझं तोंड बघत.

दुसऱ्या कुणाचं असतं तर म्हातारपण म्हणून सोडून दिलं असतं. पण आमचे हे टीएक्सआर, म्हणजे रेल्वेगाड्या तपासणारे. गाडी स्टेशनात शिरते तेव्हा प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभं राहायचं आणि प्रत्येक डब्याची चाकं समोरून जाताना बघायची, ऐकायची. एखादं चाक घासून सपाट झालं असेल तर ठक-ठक करतं. अ‍ॅक्सल तापला असेल तर बारीक शीळ घालतो. ब्रेकच्या नळीतून हवा सुटत असेल तर सूं आवाज येतो. तेहतीस वर्षं त्यांनी हेच केलं. अकोल्याहून आलेल्या या माणसाला इथले लोक नावाने नाही, कानाने ओळखत. रिटायरमेंटला सात महिने राहिले होते. कान गेले हे कळलं असतं तर त्यांना लाइनवरून उचलून स्टोअरच्या टेबलावर बसवलं असतं, आणि निरोपाच्या दिवशी लोकांनी कानाबद्दल बोलायचं टाळून चहा प्यायला असता. एवढंच. आणि एवढ्यासाठी मी जे केलं, ते आता लिहिते.

दरवर्षी मेडिकल व्हायची. कानाची तपासणी साधी. लांब खोलीच्या एका टोकाला पाठ करून उभं राहायचं, डॉक्टर दुसऱ्या टोकाहून हळू आवाजात आकडे बोलणार, आपण ते परत म्हणायचे. मागच्या वर्षी मी सोबत गेले, फाइल धरायला. बाक होता भिंतीला लागून, त्यांच्या बरोबर समोर, डॉक्टरांच्या नजरेआड. डॉक्टर बोलले की मी ओठ हलवायचे, आणि हे म्हणायचे. आधी दोन संध्याकाळी आम्ही घरी सराव केला होता. हिंदीतले आकडे म्हणजे छळ. उनसठ, उनहत्तर, उन्यासी सगळे ओठांवर एकसारखे दिसतात. ऐन वेळी डॉक्टर उनसठ म्हणाले आणि घाईत माझ्या ओठांवर आलं एकोणसाठ. हे खणखणीत म्हणाले, "एकोणसाठ." डॉक्टर हसले, "मराठी में ही सही," आणि फिट लिहिलं. बाहेर आल्यावर आम्ही पाण्याच्या टाकीआड शाळेतल्या पोरांसारखे हसलो. मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. खरं सांगायचं तर कित्येक महिने वाटत होतं.

तर गाडी. शास्त्री नगरात दशरथजींचं वेल्डिंगचं दुकान होतं, यांची जुनी ओळख. तीन रविवार आम्ही तिथे काढले. यांनी व्हॅनचं ते डबडं उतरवलं आणि फरशीवर खडूने नवा सायलेन्सर काढला. मधून सरळ जाणारी भोकाभोकांची नळी, तिच्याभोवती काचेची लोकर, वरून पत्र्याचं कवच. आधीचा पाइप बारीक होता, म्हणून थोडा रुंद घेतला. "आवाज दाबायचा नसतो," ते संकल्पला म्हणाले, "त्याला मोकळं सोडायचं आणि खरखर तेवढी लोकरीत जिरवायची." मग गाडी चालू करून डिकीवर तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे, आणि म्हणायचे, "इथं घुमतंय. शेवटची नळी दोन इंच काप." कापली की पुन्हा तळहात. दशरथजी मला म्हणाले, "भाभीजी, बाबूजी तो हाथ से सुनते हैं." मी म्हटलं, "हां, पुरानी आदत है."

आणि आवाज खरंच सुधारला. तिसऱ्या रविवारी दुपारी गाडी आमच्या क्वार्टरसमोर उभी होती, दशरथजीही आले होते. संकल्पने किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्यांदा आपल्या रूपाला शोभेलसं बोलली. खालून येणारा, भरलेला, तबल्याच्या डग्ग्यासारखा आवाज. यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

मग संकल्पने अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला, आणि त्या आवाजाच्या वरून एक शीळ आली. बारीक, लांब. पाय काढला की बंद, दाबला की सुरू.

"बाबा, खालची आवाज एक नंबर. पण ही शीटी कसली?"

हे मागे डिकीपाशी होते. त्यांनी संकल्पच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं. शीळ येते असं मी सांगितलं असतं तर, कुठून येते हे त्यांना शोधावं लागलं असतं. मुलासमोर. दशरथजींसमोर.

"कुठली शीळ?" मी म्हणाले. "मला तर नाही आली."

"शीळबीळ काही नाही," हे लगेच म्हणाले. "तुझे कान हेडफोननं बिघडले."

दशरथजी जमिनीकडे बघून हळूच म्हणाले, "सीटी तो है, बाबूजी."

संकल्पने पुन्हा पाय दाबला. समोरच्या क्वार्टरच्या खिडकीतून मीणा भाभी ओरडल्या, "भाभीजी, आपका कुकर हो गया."

आता काय करणार. मी म्हणाले, "संकल्प, मला हल्ली कमीच ऐकू येतं रे."

हे सगळं भीमराव माझ्या ओठांवर वाचत होते. त्यांनी ते तसंच राहू दिलं.

"आई. कधीपासून?" गाडी चालू ठेवूनच संकल्प उतरला. "सांगितलं का नाहीस? उद्या सुट्टी घेतो, कानाच्या डॉक्टरकडे जाऊ." त्याचा चेहरा असा उतरला की मला तिथेच मातीत जावंसं वाटलं. "थांब, चेक करतो. तू इथेच थांब, डोळे बंद कर. मी बाबांच्या मागे जातो. जिथून बाबांना ऐकू येते तिथून तुला येते की नाही, बघू."

मी डोळे मिटले. दुसरं काय करता येणार होतं? हे माझ्या समोर चार हातांवर, आणि त्यांच्या पाठीमागे, लांबून, संकल्पचा हळू आवाज आला. "बाबा, पुढच्या रविवारी आमेरला येणार माझ्यासोबत?"

"येईन न," भीमराव म्हणाले.

मग मी डोळे उघडले तर संकल्प बापाकडे बघत नव्हता. माझ्या तोंडाकडे बघत होता. तेव्हा मला कळलं की मिटल्या डोळ्यांनी, दोन वर्षांच्या सवयीने, मी ओठ हलवले होते.

त्याने माझ्यावरची नजर न काढता तितक्याच हळू आवाजात विचारलं, "बाबा, समोसा आणू की कचोरी?"

मी ओठ घट्ट मिटले. हे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. गाडी सुंदर घुमत होती.

"काय म्हणतो तो?" भीमरावांनी मला विचारलं.

संकल्पने जाऊन गाडी बंद केली. दशरथजींनी आपली पिशवी उचलली. "इंजन के पास वाले जॉइंट का गॅसकेट होगा, भैया. कल ले आना," एवढं म्हणून ते गेले. चांगला माणूस. त्या दिवसानंतर भेटला तरी कधी वर बघून बोलला नाही, जणू चूक त्याची होती.

आत आल्यावर संकल्प बापाच्या समोर बसला, तोंडासमोर तोंड. मी ओट्यापाशी उभी राहिले.

"बाबा, ड्युटीवर तुम्ही काय ऐकता?"

"चाकाची ठक-ठक येते न ऐकू. पायाखालून पण समजते."

"आणि बाकी?"

ते बराच वेळ बोटांवरची काळी वंगणाची रेघ घासत बसले. "बाकी बघतो. जमेल तेवढं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला नाही सांगितलं मी. फेब्रुवारीत एका गाडीचा स्लीपरचा डबा पुढच्या स्टेशनात काढून ठेवावा लागला. अ‍ॅक्सल लाल झाला होता. माझ्याच बाजूचा. समोरून गेला माझ्या, शीळ घालत गेला असेल."

"कोणाला काही झालं?" संकल्पने विचारलं.

"नाही. तिथला पोरगा नवीन होता, पण त्याला ऐकू आली."

त्या दिवशी ते घरी आले होते, दोन भाकरी खाल्ल्या होत्या आणि ठेचा तिखट झालाय म्हणून माझी थट्टा केली होती. मी समजत होते की आम्ही दोघं मिळून जगापासून लपवतोय. आणि स्लीपरच्या त्या डब्यात बाहत्तर माणसं झोपून येत होती, माझ्या ओठांच्या भरवशावर.

मला वाटलं संकल्प ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "आई, तू मला तुझी चिंता करायला लावली." मग उठून कचोऱ्या आणायला गेला. पायी.

"तू केलंस ते माझ्यासाठी केलंस," हे म्हणाले.

"तुमच्या नावासाठी केलं," मी म्हणाले. "आणि नावात माझाही वाटा होता. कानवाल्या भीमरावांची बायको."

ते जरासे हसले. "उद्या सांगतो साहेबांना. दवाखान्यात पाठवतील. येशील न सोबत?"

मंगळवारी गेलो. तीच खोली, तेच डॉक्टर, तोच बाक. डॉक्टरांनी मला ओळखलं. "आइए, मराठी वाले," म्हणाले. हे आपल्या जागेवर पाठ करून उभे राहिले. मी बाकावर बसले, आणि भिंतीकडे तोंड करून बसले. भिंतीवर चुन्याचा पोपडा होता, त्याच्याकडे बघत राहिले.

"बत्तीस," मागून आवाज आला.

पदराचं टोक मी तोंडात धरलं होतं.

"बत्तीस," थोडा मोठ्याने.

माझ्या पाठीवर त्यांची नजर आहे हे मला कळत होतं. वळावंसं वाटत होतं. नुसतं वळले असते तरी पुरलं असतं.

"साहब," भीमराव म्हणाले, "आप कुछ बोले हों तो लिख लीजिए. मैंने नहीं सुना."

बाहेर संकल्प गाडी घेऊन उभा होता. सीटा दोनच. मी म्हटलं, तुम्ही दोघं पुढे व्हा, मी बसने येते. हे बसले, दाराच्या काठावर हात टेकवला. संकल्पने किल्ली फिरवून पाय दाबला आणि गेटवरच्या पहारेकऱ्याने मान वळवली.

यांनी माझ्याकडे बघितलं. "गेली का शीळ?"

शीळ घालणारं ते जोडावरचं गॅसकेट अजून बदललं नव्हतं. मी गाडीच्या जवळ गेले, त्यांच्या समोर उभी राहिले आणि पहारेकऱ्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "नाही. आहे अजून. पुढून येते, उजवीकडून."